दादाला तारीख विचारू नका

लालबाग, बुधवार, सकाळचे सव्वासात

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला हवं होतं. पण फोनवर बाबा मध्येच गप्प होतात, आईला रडू येतं आणि मी विषय बदलून पावसापाण्याचं विचारते. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि एकही ओळ गाळू नका.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही अमेरिकेतल्या दादाला त्याच्या नशा सोडवायच्या इंजेक्शनबद्दल विचारलंत, "ह्या इंजेक्शान कधी संपतला?" तुम्ही काळजीपोटीच विचारलंत, हे मला ठाऊक आहे. दादा "बघू" म्हणाला आणि पावसाचं काहीतरी बोलला. आज पहाटे समुपदेशनाच्या वेळी तो म्हणाला, पुढचा डोस मी घेणार नाही. गणपतीला घरी जायचंय, आणि पोटात औषध घेऊन बाबांसमोर उभं राहायची लाज वाटते.

त्याच्याकडे मंगळवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा आपल्या खोलीत बुधवारच्या पहाटेचे साडेपाच. महिन्यातून एकदा त्या तासाला त्याच्या समुपदेशक बाई मलाही घेतात. चाळीत तुम्ही आयुष्य काढलंय, गॅलरीत काय काय ऐकू जातं ते तुम्हाला सांगायला नको. मी मोरीजवळ स्टूल टाकते, कानात इअरफोन घालते आणि हळू बोलते. पाणी आलं की बादल्यांचा आवाज तिथे ओहायोत ऐकू जातो. बाईंना आता तो ओळखीचा झालाय.

गेल्या वर्षी सगळं कळलं त्या रात्री बाबा एकच वाक्य बोलले होते, "आमचो झील गर्दुल्लो झालो." त्या शब्दामागे कोण उभा होता ते मला माहीत आहे. तळमजल्यावरच्या मावशींचा मुलगा. १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच वर्षांत आपल्या गल्लीबोळांत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, आली. मी तेव्हा फार लहान होते, पण चाळीत ती गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की डोळ्यांसमोर दिसते. मावशींनी त्याला गावी नेऊन ठेवला. तीन महिने शेतात राबला, अंगावर मांस चढलं. तो सुधारून परत आला म्हणून मावशींनी चाळीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्याखाली सापडला. बाबा, त्याला उचलणाऱ्या चौघांत तुम्ही होतात.

तुम्ही आजही म्हणता, संगत वाईट, नशीब वाईट. मी नर्सिंग शिकले तेव्हा मला त्याचं खरं कारण कळलं. गर्द रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय होते. तीन महिने बंद ठेवलं की ती सवय उतरते. तलफ मात्र तशीच टिकून असते. मग माणूस परत येतो आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतो. ती आता त्याच्या श्वासाला पेलत नाही, झोपेतच श्वास थांबतो. तो मुलगा पुन्हा बिघडला एवढ्याने मेला नाही. तीन महिने नुसतं बंद ठेवलं होतं आणि त्यानंतर आधाराला काहीच नव्हतं, म्हणून मेला.

दादाची सुरुवात गर्दने झाली नाही, हे मी शंभर वेळा सांगितलंय, पुन्हा सांगते. मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ऑक्सिकोडोनच्या वेदनाशामक गोळ्या तो घेत राहिला. चिठ्ठी बंद झाली तेव्हा शरीर मागत होतं. मग कुणाकडून तरी तशाच दिसणाऱ्या गोळ्या आणल्या. तिकडच्या रस्त्यावरच्या गोळ्यांमध्ये फेंटानिल असतं, हेरॉइनपेक्षा पन्नास पट तीव्र. कूळ अफूचंच. २०२१ पासून सलग तीन वर्षं अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दरवर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली. आपला दादा त्यात नाही. मी रोज दिवा लावताना हे मनात म्हणते.

आता इंजेक्शनचं. त्यात औषध आहे ब्युप्रेनॉर्फिन. आई, तू परवा म्हणालीस, एक नशा सोडवायला दुसरी कशाला? गणपतीच्या दिवसांत एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं हे औषध आहे. मेंदूत ज्या जागेवर फेंटानिल बसतं, तिथे हे आधीच जाऊन बसतं आणि सहजासहजी उठत नाही. तिथे बसून काम मात्र ते अर्धवटच करतं, म्हणून श्वास दाबण्याचा त्याचा जोर एका मर्यादेपुढे वाढत नाही. दादा झिंगत नाही. गाडी चालवतो, कामावर जातो, रात्री झोपतो. शरीराला त्याची सवय लागते हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण गेल्या वर्षी हा माणूस आठवडा आठवडा आपला फोन उचलत नव्हता. आता दर रविवारी तो आधी फोन करतो.

पहिले दिवस फार वाईट गेले. ते तेव्हा तुम्हाला सांगितले नव्हते. हे औषध घाईने दिलं तर अंगात असलेल्या फेंटानिलला एकदम ढकलून देतं आणि माणूस तळमळतो. म्हणून आधी त्रास सुरू होऊ द्यावा लागतो. दादा घोंगडीत बसून कॅमेऱ्यासमोर थरथरत होता, जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगावर काटा. तिकडून डॉक्टर म्हणत होते, अजून थोडं थांबा. मी इथून बघत होते. रुग्णालयात असे किती पेशंट मी सांभाळलेत, पण त्या रात्री माझे हात गार पडले होते. शेवटी पहिली गोळी जिभेखाली ठेवली. तासाभराने तो म्हणाला, "बाय, काहीतरी खायला करतो." मी तशीच उठून देवापुढे उभी राहिले.

आठवडाभर गोळ्या घेतल्या, मग इंजेक्शन. पोटाच्या कातडीखाली देतात. औषध आत गेलं की थिजतं, आपलं तूप थिजतं तसं, आणि महिनाभर थोडं थोडं सुटत राहतं. पहिले दोन महिने ३०० मिलिग्रॅम, मग १०० मिलिग्रॅम. तिकडे हे २०१७च्या नोव्हेंबरात मंजूर झालं. दादाच्या गावापासून या आजाराचा डॉक्टर गाडीने दीड तासावर आहे, म्हणून डॉक्टर आणि समुपदेशन दोन्ही व्हिडिओवर. सुई मात्र कुणी व्हिडिओवर टोचू शकत नाही. त्यासाठी तो जवळच्या दवाखान्यात जातो आणि नर्स देते. औषध पेशंटच्या हातात देतच नाहीत, कारण कुणी ते शिरेत टोचलं तर तिथेच थिजून जीव जाऊ शकतो. विमा आहे म्हणून परवडतं, नाहीतर महिन्याचे दीड हजार डॉलरहून जास्त गेले असते.

रोजची गोळी का नको, असं बाबांनी विचारलं होतं. बाबा, तुम्ही गिरणीत बदली कामगार होतात तेव्हा रोज सकाळी गेटवर उभं राहायचात, आज आत घेतील की नाही. गोळीवरच्या माणसाची सकाळ तशीच असते. आज घेऊ की आज सोडून बघू, हा प्रश्न रोज. इंजेक्शनने तो महिन्यातून एकदाच येतो. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या केंद्रावर रोज या गोळीसाठी येणारी माणसं मी पाहिलीत. काहींचा अर्धा रोज तिथेच जातो, तरी येतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

त्याला इकडे आणून पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू, असंही तुमच्या मनात आहे. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली उभं केलेलं ते घर किती जणांचं माहेर झालंय, मला माहीत आहे. पण दादाचा जम तिकडे बसलाय. आमच्या रुग्णालयात हे इंजेक्शन नाही. आणि मार्च २०२०च्या आपल्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अशी औषधं नुसत्या व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. बसलेली घडी मोडून त्याला नव्याने सुरुवात करायला लावू नये.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला दर कॉलवर मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायचे. अफूच्या नशेत त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. दादाच्या ते लक्षात आलं. एक दिवस त्याने कॅमेरा बंद केला आणि नुसत्या आवाजावर बोलत राहिला. समुपदेशक बाई मला म्हणाल्या, त्याला तपासायला डॉक्टर आहेत, तुम्ही बहीण म्हणून या. मी त्या दिवशी ड्यूटीवर जाताना डोळे पुसत गेले. त्यानंतर मी त्याला जेवलास का, काय केलंस, एवढंच विचारते. तीन आठवड्यांनी त्याने आपणहून सांगितलं की संध्याकाळी सहा ते आठ त्याला सगळ्यात जड जातात, पाठ दुखते आणि घर रिकामं असतं. ते दोन तास कसे भरायचे, यावर त्यांचं काम चाललंय. आता तो त्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा कुत्रा फिरवून आणतो. त्याच बाईंना त्याने नालोक्सोनचा, म्हणजे अफूच्या नशेने थांबत आलेला श्वास परत आणणारा, नाकात मारायचा फवारा दाखवून ठेवलाय. बेशुद्ध माणूस तो फवारा स्वतःच्या नाकात मारू शकत नाही ना.

म्हणून बाबा, तारीख विचारू नका. तारीख नाहीच. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील. आपल्याला खूश करायला त्याने लवकर बंद केलं, तर तो मावशींच्या मुलासारखा सुधारून घरी येईल. मला तसा सुधारलेला दादा नको.

आणि गणपतीला यायला बंद करायची गरजच नाही. आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन डोसांत निदान सव्वीस दिवसांचं अंतर लागतं, आणि एखाद्या वेळी डोस दोन आठवडे लांबला तरी सहसा बिघडत नाही. तो इंजेक्शन घेऊन निघेल, पंधरा दिवस राहील आणि वेळेत परत पोचेल. औषध अंगातच, बरोबर काही वागवायला नको. आई, त्याच्या बेंबीजवळ छोटी गाठ हाताला लागेल. ती औषधाची आहे, हळूहळू विरते. चोळू नकोस, तेलही लावू नकोस. बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पालेभाजी आणि ताक भरपूर कर.

पुढचा डोस घ्यायचा की नाही हे त्याने अजून पक्कं केलेलं नाही, बाईंनी पुढच्या मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलंय. त्याआधी, शनिवारी आपल्या रात्री आठनंतर, त्याची सकाळ झालेली असेल, बाबांनी एकट्याने फोन करावा. इंजेक्शन घेऊनच ये, एवढं म्हणावं. बाकी भजनाचं, मखराचं काय वाटेल ते बोला.

तुतारी एक्सप्रेसची आरक्षणं भराभर संपतात. मी दादरहून आम्हा तिघांची काढतेय, त्यात एक दादाचं.

तुमची
बाय