दुसऱ्याच्या नावावरची जागा

शहादा,
आखाजीचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. शेजारच्या दोन्ही लेकी माहेरी आल्या आहेत. निंबाला झोका बांधलाय आणि तुझी आई दिवसभर कामं करता करता त्या झोक्याकडे बघत होती. संध्याकाळी तू थायलंडहून पाठवलेले चियांग माईच्या जागेचे फोटो तिला दाखवले. मागे डोंगर, सागाची झाडं, कडेने ओहोळ. बघून म्हणाली, "हाई ते आपलं तोरणमाळ दिसस."

जागा मलाही आवडली. पण फोटोंखाली तू लिहिलेल्या चार ओळी मी तीनदा वाचल्या आणि रात्री झोप लागली नाही. फोनवर तू मला मधेच थांबवतेस, म्हणून लिहून पाठवतोय.

तू लिहितेस की परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही, पण एजंट म्हणतो वाट निघते. एक कंपनी काढायची, ५१ टक्के शेअर वकिलाच्या ओळखीतल्या थाई माणसांच्या नावावर, ४९ टक्के तुझे. नाहीतर तू शिकवतेस त्या शाळेतल्या थाई मैत्रिणीच्या नावावर खरेदी करायची आणि तिच्याकडून वेगळा कागद लिहून घ्यायचा. आणि तू मला विचारतेस, आप्पा, यातलं जास्त सुरक्षित कोणतं?

दोन्ही नको, मनू.

मी बत्तीस वर्षं तलाठी होतो. सातपुड्याच्या पायथ्याची गावं माझ्या सजेत, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, असताना एक व्यापारी माझ्याकडे यायचा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने पाच एकर आपल्या सालदाराच्या, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या आदिवासी गड्याच्या, नावावर घेतली. पैसा याचा, विहीर याने खोदली, पाइपलाइन याने टाकली, नाव सालदाराचं. अकरा वर्षं सुरळीत चाललं. मग सालदार वारला. मी वारस नोंद घेतली, मंडळ अधिकाऱ्यांनी ती मंजूर केली, आणि सातबाऱ्यावर त्याच्या तीन मुलांची नावं लागली. व्यापारी चावडीत आला तो एक लाल वही घेऊन. तीत पै-पैचा हिशेब होता, विहिरीच्या दगडापासून मोटारीच्या वायरपर्यंत. हिशेब खरा होता, मला माहीत होतं. पण त्या वहीसाठी माझ्या दप्तरात रकाना नव्हता. कोर्टात जायचं तर आधी स्वतःच कबूल करायला हवं होतं की मी कायदा चुकवला. तो गेला नाही. ती पोरं आजही तिथे कापूस घेतात, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

योग्य का म्हणतो तेही सांगतो, कारण तुझ्या पत्रात एक ओळ अशी आहे की "इतकी वर्षं इथे शिकवते, तरी हे लोक आपल्याला परकंच समजतात." असं मनात आणू नकोस. आपल्याच तालुक्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आदिवासी रस्त्यावर उतरले, ते हातातून गेलेल्या जमिनी परत मागायला. पैसेवाला येतो, अडलेल्याचा अंगठा घेतो आणि दोन पिढ्यांत गावच्या गाव मजूर होतं, हे या भागाने पाहिलं आहे. म्हणून १९७४ साली महसूल संहितेत कलम ३६ अ आलं. साध्या शेतजमिनीचंही तसंच. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मग तो भारतीय का असेना. थायलंडने १९५४च्या जमीन कायद्यात आपली माती बाहेरच्या पैशापासून राखली, त्यात तुझा अपमान नाही.

तो कायदा मी आठवडाभर इंग्रजीतून वाचला. भाषा परकी, रकाने ओळखीचे. परदेशी माणसाने कायदा डावलून घेतलेली जमीन १८० दिवसांपेक्षा कमी नाही आणि एका वर्षापेक्षा जास्त नाही अशा मुदतीत विकायला लावतात. आणि जो थाई माणूस परक्यासाठी आपलं नाव देतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तुझी मैत्रीण. तिने प्रेमाने हो म्हटलं असेल, पण तिला हे कलम कोणी वाचून दाखवलंय का? नुसते नावाला भागीदार दाखवणाऱ्या कंपनीसाठी वेगळा कायदा आहे, १९९९ चा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख ते १० लाख बाट दंड, किंवा दोन्ही, नाव देणाऱ्या थाई माणसाला आणि ते घेणाऱ्या परदेशी माणसालाही. एजंट यातलं काही बोलला नाही, कारण त्याचं कमिशन खरेदीच्या दिवशी संपतं.

परदेशी माणसाने ४ कोटी बाट गुंतवले तर राहण्यापुरती १ राई जमीन मंत्र्यांच्या परवानगीने मिळते, पण ती आपली वाट नव्हे. (१ राई म्हणजे १६०० चौरस मीटर, आपले जवळपास सोळा गुंठे. तुझी जागा तेवढीच आहे ना?)

मग घर होणारच नाही का? होईल. जमीन मालकाचीच राहू दे, तू भाडेपट्टा कर. तो जास्तीत जास्त ३० वर्षांचा होतो. तीन वर्षांवरचा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवलाच पाहिजे, नाहीतर कोर्ट तीन वर्षांपुरताच मानतं. नोंदणीला एकूण भाड्याच्या १ टक्का फी आणि वर थोडा मुद्रांक, एवढ्यासाठी काटकसर करू नकोस. "तीस अधिक तीस अधिक तीस" असं एजंट म्हणेल. पहिली तीसच धर. पुढची वर्षं हा मालकाने दिलेला शब्द आहे, मालक बदलला की नवा मालक तो पाळेलच असं नाही. नोंदवलेली तीस वर्षं मात्र जमीन विकली गेली तरी टिकतात. दुसरं, पट्टेदार वारला की पट्टा संपतो असं तिथली कोर्टं धरतात, म्हणून वारसाचं कलम आत्ताच लिहून घे. हे लिहिताना हात थांबला, पण बापानेच लिहायला हवं.

त्याबरोबर दुसऱ्याच्या जमिनीवर आपली इमारत ठेवण्याचा वेगळा हक्कही नोंदवता येतो, ३० वर्षांचा किंवा तहहयात. तो घे, आणि बांधकाम परवाना तुझ्या नावाने काढ. माती त्यांची, भिंती तुझ्या, आणि दोन्ही गोष्टी सरकारी दप्तरात. एजंटने सांगितलेला वकील घेऊ नकोस, फक्त तुझ्याकडून पैसे घेणारा घे.

आता मालकाचा कागद. तिथल्या पक्क्या मालकी कागदाला चानोत म्हणतात आणि त्यावर लाल गरुड असतो. आपल्या विष्णूचाच गरुड, ते पाहून मला फार बरं वाटलं. हिरवा गरुड असेल तर मोजणी झालेली पण मालकी अजून कच्ची, काळा असेल तर हद्दीही ढोबळ. आणि सोर पोर कोर म्हणून एक कागद असतो, तो सरकारने कसायला दिलेल्या शेतजमिनीचा, आपल्या नवीन शर्तीच्या जमिनीसारखा. ती विकता येत नाही. डोंगराच्या पायथ्याला असे कागद निघतात, म्हणून तुझ्या ओहोळाची मला काळजी आहे. हद्दीचे नंबरी खांब असतात, ते कागद हातात घेऊन एकेक शोध.

आपल्याकडे लोक सातबाऱ्यावरचं नाव बघतात आणि "इतर हक्क" वाचत नाहीत. सगळे बोजे तिथेच लिहिलेले असतात. चानोतचे इतर हक्क त्याच्या पाठीवर असतात: गहाण, पट्टे, आधीच्या खरेद्या. तू मला पाठवलास तो फोटो फक्त पुढच्या बाजूचा आहे, आणि गरुडाचा भाग एजंटच्या अंगठ्याखाली गेलाय.

बयाणा देऊ नकोस. जमीन कार्यालयात स्वतः जा, तिथली प्रत मागून घे, आणि दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून पाठव. थाई वाचता येत नसलं तरी शिक्के आणि तारखा मला कळतील.

आईचा निरोप, तिच्याच शब्दांत: "तिले सांगा, घरपुढे आंगन ठेवजो." सागाची झाडं तोडायची परवानगी लागते का तेही विचार. शक्यतो तोडूच नको, एखाद्याला झोका बांधता येईल.

तुझा,
आप्पा