शुक्रवारी ई-मेल, सोमवारी नवे दर : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

पत्र मराठीतच लिहितोय. मूळ सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांना ते कुणी भाषांतर करून द्यावं लागणार नाही, असं धरून चाललोय.

कोल्हापुरात सुभाषनगरला आमचं चपलांचं काम आहे. आजोबा घरात बसून शिवायचे, वडिलांनी दुकान घातलं आणि आता धाकटी मुलगी मोबाईलवर ऑर्डरी घेते. दिवसाला आठ-दहा पार्सलं जातात, सणाच्या दिवसांत वीस-पंचवीस. बाजारात आम्हाला कुणी मोठा व्यापारी म्हणत नाही, पण कुरिअर कंपनीच्या कागदावर आम्ही 'बिझनेस कस्टमर' आहोत. मोठा शब्द आहे. त्याची किंमत यंदा घटस्थापनेला कळली.

सर्वपित्रीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मुलीच्या मोबाईलवर मेल आला. आम्ही ज्या कंपनीकडून माल पाठवतो, तिचे दर आणि अटी बदलल्या होत्या. लागू कधीपासून? सोमवारपासून, म्हणजे घटाला. मधले दोन दिवस शनिवार-रविवार, त्यांचं ऑफिस बंद. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की आपण यापुढे बुकिंग केल्यास नव्या अटी मान्य आहेत असं समजण्यात येईल. सोमवारी सकाळी अकरा पार्सलं बांधून तयार होती, गिऱ्हाइकांचे पैसे जमा झालेले होते. बुकिंग केलं. झाली आमची संमती.

दैवयोग असा, की त्याच सोमवारी, 22 सप्टेंबरला, आपल्या सरकारने अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आणला. त्याआधी हजाराच्या वरच्या जोडीला 18 टक्के होता. आमची नेहमीची विक्री अठराशेच्या आसपासच्या जोडाची. आम्ही घरात पेढे वाटायच्या बेतात होतो. रात्री मुलीने हिशेब मांडला आणि म्हणाली, "पप्पा, गिऱ्हाइकाला स्वस्त झालंय, आपल्याला नाही."

दर वाढले म्हणून मी रडत नाही. डिझेल महागतं, पोरांचे पगार वाढतात, गाडीचा हप्ता कुणाला चुकत नाही. चामड्याचा भाव वाढला की आम्हीही चपलेचा वाढवतो. माझं म्हणणं दराबद्दल कमी आणि मोजण्याबद्दल जास्त आहे. ते समजायला चपलेचा बॉक्स डोळ्यासमोर आणावा लागेल.

पुरुषाच्या नऊ नंबरच्या जोडाला आम्ही 33 सेंटिमीटर लांब, 22 रुंद आणि 12 उंच असा बॉक्स वापरतो. याहून लहान चालत नाही. कोल्हापुरी चपलेला दोन बाजूंना कान असतात. ते दुमडले की चामड्यावर घडी पडते, आणि ती घडी मग जात नाही. गिऱ्हाईक फोटो काढून पाठवतं, "जुनी दिली का?" जोड, बॉक्स, वरचा कागद सगळं मिळून काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम भरतं. कुरिअरवाले वजनाऐवजी जागा मोजतात : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. आमचा बॉक्स 8712 घन सेंटिमीटरचा, म्हणजे 1.74 किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्याने 2 किलो धरतात. हे मला मान्य आहे. गाडी जागेने भरते, कापसाचं पोतं आणि लोखंडाची पेटी एका भावाने कोण नेईल? पण त्या शुक्रवारच्या मेलमध्ये 5000 च्या जागी 4000 आलं होतं. तोच बॉक्स, तीच चप्पल, आता 2.18 किलो, म्हणून बिल अडीच किलोचं. माझे 162 रुपये होते ते 200 झाले, त्यावर इंधन अधिभार, त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. दरपत्रकात 'दर' या रकान्यातला एकही आकडा बदललेला नव्हता. फोनवरच्या बाई मला तेच पटवून देत होत्या : "सर, रेट सेम आहेत." खोटं नव्हतं बोलत.

हे झालं घोषित केलेलं. न सांगता होतं ते वेगळंच. पार्सल कोल्हापुरातून निघतं आणि पुढे कुठल्यातरी मोठ्या हबमध्ये मशिनवर पुन्हा मोजलं जातं. तिथे जे वजन निघेल ते खरं. ऑक्टोबरमध्ये माझ्या एका जोडाचं वजन साडेतीन किलो लागलं. पुराव्याचा फोटो पोर्टलवर होता. मुलीने मोठा करून दाखवला. आम्ही पार्सलला हिरवी टेप लावतो, फोटोतल्या खोक्याला खाकी टेप होती आणि वर बाटलीचं चित्र, 'काचेचे सामान' म्हणून. आता चपलेत काच कुठली? तक्रार घातली. अटींप्रमाणे ती तीन दिवसांत निकाली निघायला हवी होती, तशी निघाली. चौथ्या दिवशी पाहिलं, तर तिच्यापुढे 'स्वीकारले' असा शिक्का. आम्ही स्वीकारलं की त्यांनी, ते अजून कळलेलं नाही. पैसे मात्र आमच्या शिलकेतून कापले. सामान न्यायला येणाऱ्या पोराला विचारलं, तर तो बिचारा म्हणाला, "काका, मी काय करू? सिस्टीममध्ये तसंच दिसतंय."

आता एक गंमत पाहा. माझ्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वैधमापनचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का मारून घ्यावा लागतो. फी भरतो, तारीख चुकली तर दंड होईल या भीतीने कॅलेंडरवर गोल करून ठेवतो. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनाही तेच. आणि ज्या मशिनच्या आकड्यावर महिन्याला माझे हजारो रुपये कापले जातात, ते मशिन कुठल्या गावात आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही. त्याच्यावर शिक्का आहे की नाही, मी कुठे जाऊन बघू?

मग तक्रार कुणाकडे करायची, म्हणून एका वकील मित्राला विचारलं. त्याने सांगितलं ते ऐकून हे पत्र लिहायचं ठरवलं. 2023 चा टपाल कायदा टपाल खात्याबद्दल बोलतो, खासगी कुरिअरवाल्यांनी काय पाळायचं याबद्दल बोलत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याकडे जावं, तर धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापुरता धंदा करत असाल तर सवलत आहे, पण ते आधी सिद्ध करायचं. म्हणजे अडतीस रुपयांसाठी आम्ही गरीब आहोत हे ग्राहक आयोगापुढे शाबित करायचं. ते कोण करतं? कंपनीलाही ते माहीत आहे.

महापुराचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती विसरता येत नाही. 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. 2019 लाही आलं होतं. पुण्याकडे जाणारी वाहतूक बंद. आमची सतरा पार्सलं गोदामात अडकली. पाणी ओसरल्यावर ती सगळी दुकानात परत आली, आणि प्रत्येकावर परतीचं कारण होतं 'ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही'. ठाण्याचा ग्राहक घरीच होता. गाडी कोल्हापूरच्या बाहेर पडली नव्हती. बिलात जाण्याचं भाडं आणि येण्याचंही. ती कंपनी आम्ही सोडली. नवी धरली, तिच्या अटींतही नैसर्गिक आपत्तीत कंपनी जबाबदार नाही, हे वाक्य आहेच. आपत्तीत भाडं घेणार नाही, असं वाक्य मात्र नाही.

आपण म्हणाल, मग पोस्टाकडे का येत नाही? येतो की. म्हणून तर आपल्याला लिहितोय, अर्थमंत्र्यांना नाही.

पोस्टाचं मला आवडतं ते हे, की तिथला दर छापलेला असतो आणि सगळ्यांना एकच असतो. ऑक्टोबरमध्ये कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे दर वाढले, 2012 नंतर पहिल्यांदा. त्याचा तक्ता कुणीही वाचावा. 50 ग्रॅमपर्यंत गावात 19 रुपये, गावाबाहेर 47. अर्धा किलो 200 किलोमीटरपर्यंत 70, 2000 किलोमीटरच्या पुढे 93. किलोमीटरवर दर, बस्स. आमच्या खासगी कंपनीचे टप्पे राज्यावर आहेत. नागपूर आठशे किलोमीटरहून लांब, पण ते 'राज्यांतर्गत'. निपाणी चाळीस किलोमीटरवर, आमचे सोल शिवणारे तिथून येऊन-जाऊन करतात, पण मध्ये कर्नाटकाची हद्द लागते म्हणून निपाणीचं पार्सल 'उर्वरित भारत'. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून : इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चपलेला सीमा नाही, भाड्याला आहे.

पण पोस्टाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. स्पीड पोस्टच्या नव्या दरांची अधिसूचना 25 सप्टेंबरची आणि दर लागू 1 ऑक्टोबरपासून. मध्ये सहा दिवस. 1 तारखेला खंडेनवमी, 2 ला दसरा. कोल्हापूरचा दसरा आपण जाणता, त्या आठवड्यात इथे कुणी दरपत्रक वाचत बसत नाही. त्याच सुमारास रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळलं. त्या बदलाला माझा विरोध नाही, पण सरकारी खात्यानेच आठवड्याच्या आत दर बदलले, तर शुक्रवारी मेल टाकणाऱ्याला आम्ही कोणत्या तोंडाने बोलायचं? आपल्या खात्याने साधा नियम करावा : दर किंवा अटी बदलायच्या तर तीस दिवस आधी कळवायच्या, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत बदलायच्याच नाहीत. आमच्याकडे वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन महिन्यांत होतो. त्या काळातल्या ऑर्डरींच्या किमती आम्ही आधीच सांगून बसलेलो असतो.

नव्या दरांत विद्यार्थ्यांना 10 टक्के सवलत आहे आणि नव्या घाऊक ग्राहकांना 5 टक्के. चांगलं आहे. पण घाऊक म्हणजे किती? आमच्यासारखा रोज आठ पार्सलं टाकणारा माणूस वर्षाला अडीच हजारांच्या घरात जातो. त्याला पोस्टाने मोठ्या कंपनीसारखा करार द्यावा, दुपारी चार वाजता सामान न्यायला माणूस पाठवावा, आणि माल देताना गिऱ्हाइकाकडून घेतलेले पैसे ठरलेल्या वारी आमच्या खात्यात टाकावेत. आमची खासगी कंपनी हे तिन्ही करते. लोक तिच्याकडे जातात ते यासाठी, स्वस्त म्हणून नव्हे. एवढं पोस्टाने केलं तर सुभाषनगरातली, गांधीनगरच्या कापडवाल्यांची, हुपरीच्या पैंजणवाल्यांची पार्सलं कुणाच्या गाडीत जातील, ते मी वेगळं सांगायला नको.

खासगी कंपन्यांबाबत एकच मागणं आहे. ते ग्राहक व्यवहार खात्याशी बोलून करावं लागेल, पण सुरुवात आपण करू शकता. पार्सल ताब्यात घेताना दोघांसमोर मोजलेलं वजन आणि माप अखेरचं धरावं. पुढे फरक निघाला तर त्या पार्सलचा, लेबल दिसेल असा फोटो आणि त्या मशिनच्या शिक्क्याची तारीख दिल्याशिवाय पैसे कापू नयेत. भाजीवाल्या मावशींच्या काट्याला जो कायदा, तोच.

जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आमच्यासारख्या चपला दिसल्या आणि देशभर गलका झाला. आमच्याकडे चौकशीचे फोन वाढले. दिल्ली, गुवाहाटी, कोची. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न चामड्याबद्दल नव्हता, चपलेवरच्या वेणीबद्दल नव्हता. "डिलिव्हरी फ्री आहे ना?"

या पत्राबरोबर स्पीड पोस्टाने एक खोका येईल. आमच्या नऊ नंबरच्या जोडाचा, हिरव्या टेपचा. आत काही नाही. घरच्या शिक्का मारलेल्या काट्यावर तो 230 ग्रॅम भरला, आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. त्या कंपनीच्या हिशेबाने तो अडीच किलोचा आहे. आपल्या कार्यालयात एखादा काटा असेल तर मोजून बघा.

आपला,
एक चप्पल व्यावसायिक,
सुभाषनगर, कोल्हापूर
नोव्हेंबर 2025