‘आज किती आला?’

सांगली, रविवार रात्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

आजी आता बरी आहे. काल उठून बसली, थोडी पेज घेतली, आणि तुझी चौकशी केली. त्यानंतर तासाभरात तुझ्या आईचा फोन आला. कोपर दुखत असताना शनिवारच्या, निवडकर्त्यांसमोरच्या बेसबॉल शोकेसआधी तू दोन गोळ्या घेतल्यास, आणि आम्हाला कोणाला काही बोलला नाहीस.

मी रागावलेलो नाही. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं मला याच भाषेत नीट लिहिता येतं. रविवारच्या मराठी शाळेत शिकलास तेवढ्यावर वाचता येईल तुला. अडलास तर आईला विचार.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून प्रत्येक मॅचनंतर गाडीत बसलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ‘आज किती आला?’ म्हणजे तुझ्या चेंडूच्या वेगाचा, रडार गनवरचा आकडा. कॅचरशी कसं जमलं, तो फसवा हळू चेंडू, चेंजअप, पडला का, हात कसा आहे, हे नंतर. कधी कधी राहूनच जायचं. ताशी 84 चे 88 मैल झाले तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. दुखतंय हे सांगितलं तर आकडा खाली येईल आणि बाबांचा चेहरा उतरेल, असं तुला वाटलं असेल, तर ती चूक माझी आहे. तुझी नाही.

पिचर्सच्या, म्हणजे तुझ्यासारख्या चेंडू फेकणाऱ्यांच्या, दुखापती का वाढल्या याचा मोठा अहवाल बेसबॉलच्या सर्वांत वरच्या, मेजर लीगने डिसेंबर 2024 मध्ये काढला. आज रात्री त्याबद्दल वाचत बसलो. वेगामागे धावणं आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकणं, याकडे त्यात बोट दाखवलंय. तू फेकतोस त्या माउंडपासून बॅटरच्या होम प्लेटपर्यंत 60 फूट 6 इंच. तेवढ्यासाठी हात फिरतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध प्रत्येक चेंडूला ताणला जातो. व्यायामाने दंड भरतो, तो अस्थिबंध त्या मानाने भरत नाही.

तुझ्या टीममधली मुलं कोपराच्या टॉमी जॉन ऑपरेशनबद्दल दात काढून घेतल्यासारखं बोलतात, ते ऐकून मला धास्ती वाटते. डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबर 1974 ला पिचर टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच उजव्या हाताचा स्नायूबंध बसवला. तो 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 ऑपरेशननंतरचे आहेत. खरंच मोठी गोष्ट आहे ती. पण मधलं अख्खं वर्ष पुन्हा फेकता येईल की नाही हे माहीत नसताना काढायचं असतं, आणि सगळेच टॉमी जॉन होत नाहीत.

पिचर कुमार रॉकरची मेजर लीगमधली पहिली मॅच आठवते? 12 सप्टेंबर 2024, त्याची टीम रेंजर्स सिअ‍ॅटलला खेळत होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळा असूनही मी तुला जागू दिलं होतं. त्याच्या आईचं घराणं भारतातलं म्हणून तुझी आई नावासकट त्याच्यावर खूश. त्या रात्री आपण त्याने बाद केलेले सात बॅटर, सात स्ट्राइकआउट मोजले. आधीची सहा वर्षं मात्र आपण मोजली नाहीत. 2018 मध्ये हायस्कूल संपताना मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या अडतिसाव्या फेरीत त्याचं नाव आलं, तरी तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकायला गेला. 2019 मध्ये ड्यूकविरुद्ध 19 स्ट्राइकआउट घेत नो-हिटर टाकला, अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिला नाही. 2021 च्या ड्राफ्टमध्ये मेट्स टीमने दहाव्या क्रमांकावर निवडला, वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्यांनी करारच केला नाही. सगळ्या देशासमोर. मग खांद्याचं ऑपरेशन, 2022 मध्ये ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स नावाच्या स्वतंत्र लीगमधल्या लहान टीमकडून काही मॅचेस, त्याच वर्षी रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतला, आणि 2023 मध्ये कोपराचं ऑपरेशन. एवढं सगळं झाल्यावर ती रात्र आली.

आणि पुढे मेजर लीगचा मोठा पिचर झालेला जेकब डीग्रॉम तुझ्या वयाचा असताना पिचर म्हणून कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. स्टेटसन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉपच्या जागी फील्डिंग करायचा. 2010 मध्ये नवव्या फेरीत निवड झाली, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन, आणि मेजर लीगमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा तो 25 वर्षांचा होता. ओंकार, तू सतरा वर्षांचा आहेस. एका शनिवारच्या शोकेसवर काय अडलं होतं रे?

काकाने आज विचारलं, यात पोट भरतं का? त्याला खरं ते सांगितलं. ड्राफ्ट झाला तरी आधी खालच्या लीगच्या पायऱ्या : कॉम्प्लेक्स लीग, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. 2023 च्या खेळाडूंच्या करारानुसार त्या वर्षी सर्वांत खालच्या पायरीवर वर्षाला 19,800 डॉलर, ट्रिपल-ए मध्ये 35,800. मेजर लीगमध्ये 2025 ला किमान 7,60,000. या दोन आकड्यांमधला जिना बहुतेक मुलं चढून संपवत नाहीत, आणि त्यात वाईट पिचर कोणी नसतो. म्हणून कॉलेजचा आग्रह धरतो मी. चार वर्षांच्या कॉलेजात गेलास की तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा एकवीस वर्षांचा होईपर्यंत ड्राफ्ट नाही. त्या काळात हात पक्का होईल आणि डिग्रीही बरीचशी होईल. तुला ही वर्षं फुकट गेल्यासारखी वाटतात. मला तीच सर्वांत मोलाची वाटतात.

मुलांचे हात जपण्यासाठीच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांमध्ये तुमच्या वयासाठीचा नियम दिवसाला 105 चेंडूंचा आहे, आणि वर्षातून चार महिने स्पर्धेत पिचिंग बंद. मागच्या वर्षी तू सलग अकरा महिने फेकलंस. एंट्री फीचे चेक मीच सही केले होते. या वर्षी तसं होणार नाही. फॉल सीझन नाही. कोचना मी आज फोन केला, त्यांना पटलंय.

शुक्रवारी तीन वाजता डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, आई सुट्टी घेणार आहे. तोवर बॉल हातात घ्यायचा नाही, भिंतीवर हळू फेकायलासुद्धा नाही. दुखतं ते फेकताना की फेकून झाल्यावर, बोटांना मुंग्या येतात का, किती दिवसांपासून आहे, आणि त्या दोन गोळ्या, सगळं सांग त्यांना. आईसमोर सांगायला जड वाटलं तर तिला बाहेर बसायला सांग, तिला वाईट वाटणार नाही. मग मला फोन कर. इथे मध्यरात्र उलटून गेली असेल, तरी मी जागा असेन.

तुझा,
बाबा