डाव माझ्या हातात राहू देणाऱ्या माईंना

आदरणीय माई,

सादर नमस्कार.

आभाराचा शब्द तोंडावर आणला की तुम्ही लगेच "चहा घेतलास का?" असे विचारून विषय बदलता, आणि गेली चार वर्षे मला जे सांगायचे आहे ते त्या चहाबरोबर राहून जाते. दुपारच्या जेवणानंतर चष्मा लावून मराठीत छापलेला प्रत्येक मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची तुमची सवय मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. स्वयंपाकघरात नवख्या असलेल्या माणसाला कोणत्या प्रकारची मदत लागते हे मला तुमच्याकडे पाहून कळले, आणि ते माझ्यापुरतेच ठेवणे मला योग्य वाटत नाही.

सांगलीहून नोकरीनिमित्त गोव्यात फोंड्याला आलो तेव्हा मला स्वयंपाक अजिबात येत नव्हता असे नाही. भाकरी, पिठले, भरीत आणि डाळकांदा एवढे मी आईकडून शिकून आलो होतो. पण आमच्याकडे स्वयंपाकात नारळ येतो तो बहुतेक सुक्या खोबऱ्याच्या रूपाने, भाजून आणि मसाल्यात मिसळून; ओल्या नारळाच्या वाटणावर सबंध आमटी उभी राहते आणि ते वाटण बिघडले तर पातेल्यातले सगळेच बिघडते, हे मला माहीत नव्हते. मी आलो तो जुलै महिना होता. १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीची ओळख व्हायला ऑगस्ट उजाडला. त्या महिन्यातल्या एका रविवारी फोंड्याच्या मासळी बाजारातून चार बांगडे आणि मसाल्याच्या दुकानातून मूठभर तिरफळे (मिऱ्यासारखे मसाल्याचे सुके फळ) मी मोठ्या उमेदीने घेऊन आलो.

त्या दिवशी काय घडले ते तुम्हाला आठवत असेल. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या वाटणाच्या आमटीत, तिरफळ लागते एवढे ऐकून मी दहा-बारा तिरफळे जशीच्या तशी, आतल्या बियांसकट, नारळाबरोबर मिक्सरमध्ये वाटली. आमटीला उकळी आल्यावर चव पाहिली तर जीभ आणि ओठ बधिर झाले आणि घशात कडवटपणा राहिला. काहीतरी विषारी पडले असावे अशा शंकेने मी वाटीत थोडी आमटी घेऊन तळमजल्यावर तुमच्या दाराशी आलो. "कितें जालें?" असे विचारून तुम्ही बोटाच्या टोकावर थेंबभर आमटी घेतली, चाखली आणि पहिला प्रश्न विचारला तो बांगडे घातले का, हा. घातले नाहीत म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "मग काही गेले नाही, एक नारळ गेला."

मग तुम्ही वर आलात आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलात. तुम्ही उठून गॅसपाशी गेला असता, माझ्या हातातला डाव घेतला असता आणि वीस मिनिटांत उत्तम हुमण करून दिले असते तर मी त्याच दिवशी तुमचे मनापासून आभार मानले असते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुमच्याच दाराशी आलो असतो. तुम्ही बसून राहिलात. अर्धा नारळ मला पुन्हा खवायला लावलात, सुक्या मिरच्या, थोडे धने, हळद आणि चिंच घालून वाटण गंधासारखे बारीक होईपर्यंत मिक्सर पुन्हा पुन्हा फिरवायला लावलात. भांडे तापू लागले की थांबून गार पाणी घालायला सांगितलेत, कारण वाटण तापले की नारळाचे तेल सुटून ते फाटल्यासारखे दिसते. तिरफळ मात्र तुम्ही हातात घेऊन दाखवलेत. तपकिरी, खडबडीत, दोन पाकळ्यांत उकललेली साल आणि तिच्या पोटात मिऱ्याएवढी काळीभोर, चकचकीत बी. ती बी नखाने उडवून टाकायची, उरलेली साल वाटायची नाही, वरवंट्याखाली जराशी ठेचून थोड्या पाण्यात घालायची आणि ते पाणी सालींसकट शेवटी आमटीत सोडायचे. जिभेला येणाऱ्या झिणझिण्या हा तिरफळाचा गुणच असून कडवटपणा त्या बीचा होता, हे मला तेव्हा कळले. चार बांगड्यांना सहा-सात तिरफळे पुरतात, हेही.

बांगडे घातल्यावर मी सवयीने डाव फिरवू लागलो तेव्हाही तुम्ही जागेवरूनच थांबवलेत. मासे पडल्यावर डाव घालायचा नाही, पातेले दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून हलकेच गोल हलवायचे. मासा एकसंध राहिला. तो मी ताटात घेतला तेव्हाचा आनंद एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा असू शकतो, यावर घरच्यांचा विश्वास बसेना. फोनवर आईने दोनदा विचारले, "तूच केलास ना?"

त्यानंतरच्या चुकांची यादी मोठी आहे आणि सगळी इथे मांडण्याचे कारण नाही. उकडे तांदूळ मी आमच्या इंद्रायणीसारखे दुप्पट पाणी घालून कुकरला लावले आणि दाताखाली कचकचणारा भात खाल्ला. सालासकट भातच आधी उकडून, वाळवून मग सडला जात असल्याने त्याचा दाणा घट्ट होतो; त्याला भरपूर पाणी आणि वेळ द्यावा लागतो, आणि वेळून काढलेली पेज टाकून द्यायची नसते, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलेत. सोलकढी गार लागते म्हणून मी ती गॅसवर ठेवली आणि ती फुटली. आंबट आणि उष्णता एकत्र आली की नारळाचे दूध टिकत नाही. ती फुटलेली कढी तुम्ही टाकू दिली नाहीत, गाळून भातावर घ्यायला लावलीत.

पावसाळ्यातल्या अळूची गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी. रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून मी जुडी घेतली, भाजी केली आणि पहिल्या घासाला घसा खवखवू लागला. अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते टोचतात, म्हणून खाज सुटते, हे मी नंतर वाचले. तुम्हाला त्या स्फटिकांचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. आंबट घातले नाहीस का, एवढेच तुम्ही विचारलेत. सोलां (आमसुले), चिंच किंवा आंबाडे यांपैकी काहीतरी घातल्याशिवाय इथे कोणी अळू शिजवत नाही आणि ते पुरेसे शिजल्याशिवाय कोणी उतरवतही नाही. त्या रात्री तुम्ही मला आमसुलाचे पाणी घोटघोट घ्यायला लावलेत, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या जुडीची भाजी आंबाडे आणि फणसाच्या आठळ्या घालून मला पुन्हा करायला लावलीत. घशाची आठवण ताजी असताना तो पहिला घास घेणे मला कठीण गेले. "भिवपाची गरज ना," म्हणजे घाबरायची गरज नाही, असे म्हणत तुम्ही माझ्या आधी तुमचा घास घेतलात.

सगळेच सावरता येते असे मात्र तुम्ही मला कधी भासवले नाहीत, आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. उडीदमेथी करताना मी मेथी चमचाभर घेतली आणि ती काळी होईपर्यंत परतली. गूळ घालून पाहू का, आणखी नारळ घालू का, असे मी विचारत राहिलो. तुम्ही चव घेऊन शांतपणे म्हणालात की करपलेली मेथी कशानेही गोड होत नाही, हे टाक आणि आज आमच्याकडे जेवायला ये. जेवताना मात्र दहाच दाणे मेथी आणि तीही गुलाबी होईपर्यंत, हे तीनदा सांगितलेत.

आज मला सर्वांत जास्त आवडते ते कालचे हुमण. रात्री उरलेले हुमण सकाळी मंद आचेवर आटवत ठेवतो, ते पातेल्याच्या कडेला दाट होऊन चिकटू लागते, तोवर खाली पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो आणि मी दोन पोळ्या, म्हणजे इथले कोंड्याचे पाव, घ्यायला उतरतो. कोंडा लावलेली ती गरम पोळी आटलेल्या हुमणात बुडवून खाताना ऑफिसला जायची घाई वाटत नाही. सांगलीचे मित्र आले की पोळी म्हणजे चपाती समजतात. त्यांनाही आता मी हा नाश्ता देतो आणि ते दुपारपर्यंत त्याविषयी बोलत राहतात.

माई, माझ्या हातचे चांगले झालेले पदार्थ तुम्ही कमीच खाल्ले असतील, बिघडलेले पुष्कळ चाखले आहेत, आणि एकदाही तुमच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला नाही. स्वतःच्या घरचे दोन वेळचे रांधणे उरकून, दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून तुम्ही येत होता. तुम्ही दिलेल्या त्या वेळाबद्दल मी तुमचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. तुमच्या घरच्या मंडळींनी त्या संध्याकाळी तुमची वाट पाहिली, त्यांचेही आभार.

येत्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, खतखते ही मिश्र भाज्यांची आमटी मी करणार आहे. सुरण, रताळी, शेंगा, भोपळा आणि मक्याची कणसे आदल्या दिवशी आणून ठेवीन. तिरफळांच्या बिया मी आत्ताच काढून बरणी भरली आहे. गूळ आणि सोलांचे प्रमाण मात्र अजून माझ्या अंदाजात बसलेले नाही. दहाच्या सुमारास वर या. स्टूल दाराजवळच असेल.

आपला नम्र,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी
फोंडा, गोवा