फॉन्ट फुकट आहे, की मुक्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान सदरांत दर काही महिन्यांनी 'हे घ्या, फुकट मराठी फॉन्ट' अशा धाटणीची यादी येते. ती वाचून कोणी लग्नपत्रिका करतो, कोणी दिवाळी अंक लावतो, कोणी संस्थेच्या संकेतस्थळावर तो फॉन्ट चढवून मोकळा होतो. पण त्या एकाच यादीत तीन वेगळ्या जातींचा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो. काही फॉन्ट मुक्त परवान्याचे असतात, काही 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' फुकट असतात आणि काही तर विकतच्या सॉफ्टवेअरमधून काढून कोणीतरी नेटवर टाकलेले असतात. तिन्हींना पैसे पडत नाहीत, एवढेच त्यांच्यातले साम्य. पहिल्या जातीचा फॉन्ट पुस्तकात, ॲपमध्ये, दुकानाच्या पाटीवर बिनधास्त वापरता येतो. दुसऱ्या जातीचा विक्रीच्या पुस्तकात वापरला की परवान्याचा भंग झाला. तिसऱ्याबद्दल बोलायलाच नको.

ओळखायला दोन मिनिटे पुरतात. उतरवलेली झिप फाइल उघडली की मुक्त फॉन्टसोबत बहुधा 'ओएफएल' (ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे मुक्त फॉन्ट परवाना) नावाची मजकुराची फाइल दिसते. ती नसेल तर फॉन्टच्या पोटात पाहावे. प्रत्येक फॉन्टमध्ये नावांचा एक तक्ता असतो. त्यात ० क्रमांकाच्या नोंदीत स्वामित्वहक्क, १३ क्रमांकाच्या नोंदीत परवान्याचे वर्णन आणि १४ क्रमांकाच्या नोंदीत परवान्याचा नेटवरचा पत्ता असतो. फॉन्टफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एलिमेंट मेन्यूतून फॉन्ट इन्फो आणि तिथे टीटीएफ नेम्स उघडले की हे सारे दिसते. १३ आणि १४ रिकाम्या असतील आणि ० मध्ये एखाद्या कंपनीचे नाव असेल, तर तो फॉन्ट मुक्त आहे असे धरून चालू नये.

तिथेच आणखी एक आकडा असतो, फॉन्ट पीडीएफमध्ये बसवण्याच्या मुभेचा. ० म्हणजे मोकळीक, २ म्हणजे मनाई, ४ म्हणजे फक्त पाहणे-छापणे, ८ म्हणजे संपादनही चालेल. मनाईचा फॉन्ट असला की सॉफ्टवेअर तो पीडीएफच्या आत घ्यायला नकार देते, मग छापखान्यात फाइल उघडल्यावर भलताच फॉन्ट येतो आणि पानभर ओळी सरकतात. मात्र हा आकडा म्हणजे परवाना नव्हे. चोरीच्या फॉन्टमध्येही तो ० असू शकतो.

मुक्त देवनागरी फॉन्टांपैकी बहुतेक आज एसआयएल या संस्थेने तयार केलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. त्याची १.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २००७ची. परवाना पानभराचा आहे आणि अटी पाचच. नुसता फॉन्ट विकायचा नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत वाटता किंवा विकताही येतो, पण प्रत्येक प्रतीबरोबर स्वामित्वहक्काची ओळ आणि परवान्याचा मजकूर गेला पाहिजे. फॉन्टकाराने स्वतःसाठी राखून ठेवलेले नाव, म्हणजे राखीव नाव, आपण बदल केलेल्या फॉन्टला द्यायचे नाही. मूळ कर्त्यांच्या नावाने जाहिरात करायची नाही. आणि बदललेला फॉन्ट वाटायचा तर याच परवान्याखाली वाटायचा. पहिल्या अटीला एक गमतीदार पळवाट आहे: एखादा चार ओळींचा प्रोग्राम सोबत ठेवला की 'मराठी फॉन्टांची सीडी' विकता येते. परवाना लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे. फॉन्ट विकून कोणी श्रीमंत होईल ही भीती त्यांना नव्हतीच, कारण तोच फॉन्ट शेजारी फुकट मिळतो.

पाचव्या अटीला जोडून एक वाक्य आहे, ते प्रकाशकांसाठी सर्वांत मोलाचे: फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला ही अट लागू नाही. हे वाक्य कशासाठी, ते लोहित फॉन्टांच्या इतिहासात दिसते. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४मध्ये लोहित फॉन्ट जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुले केले. जीपीएल हा प्रोग्रामांसाठीचा परवाना. त्याच्यातला काही भाग तुमच्या वस्तूत मिसळला आणि ती वस्तू वाटली, की तीही जीपीएलखाली द्यावी लागते. आता पीडीएफमध्ये फॉन्ट बसतो म्हणजे फॉन्टचा तुकडा पुस्तकाच्या फाइलमध्ये मिसळतोच. मग पुस्तकही जीपीएलखाली गेले का? कोणी तसा दावा लावणार नव्हते, पण शंका उरत होती. काही फॉन्टकारांनी त्यावर 'फॉन्टपुरता अपवाद' अशी पुरवणी जोडली. लोहितने २०११मध्ये सरळ ओपन फॉन्ट लायसन्स स्वीकारले. गुगलचे नोटो फॉन्टही आधी अपाची या दुसऱ्या एका मुक्त परवान्याखाली होते, ते २०१५मध्ये इकडेच आले. तेव्हा जुन्या सीडीवरचा लोहित आणि आजचा लोहित यांचे रूप सारखे दिसले तरी परवाना वेगळा आहे. प्रकाशकांनी नवाच वापरावा.

मुक्त परवान्याने काय साधते याचे उदाहरण घरातलेच आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली होता. मुंबईच्या आयआयटीत संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठी फॉन्ट हवा होता, तेव्हा देवनागरी यशोमुद्रेतून आणि रोमन अक्षरे पीटी सेरिफ या फॉन्टातून घेऊन त्यावर शोभिका उभा राहिला. त्यात देवनागरीची १६०० हून अधिक चिन्हे आहेत, ११०० हून अधिक जोडाक्षरे आहेत आणि वैदिक स्वरचिन्हेही आहेत. सरकारी पैशाने झालेला फॉन्ट बंद परवान्याखाली असता, तर हे काम पहिल्या 'क'पासून पुन्हा करावे लागले असते. नव्या फॉन्टाला शोभिका हे वेगळे नाव मिळाले, हेही लक्षात घ्यावे.

नावाची ही अट मराठी अक्षरजुळणीकारांना जाचक वाटते, पण कारण सरळ आहे. समजा, तुम्ही एखाद्या फॉन्टमध्ये ॲ घातला, ल थोडा रुंद केला आणि जुन्याच नावाने फाइल मित्रांना वाटली. आता एकाच नावाचे दोन फॉन्ट फिरू लागले. तुमच्याकडे २४० पानांचे पुस्तक छापखान्याच्या संगणकावर २४३ पानांचे होते आणि चूक कोणाला सापडत नाही, कारण दोन्हीकडे नाव तेच दिसते. म्हणून ओएफएल फाइलच्या पहिल्या एक-दोन ओळी वाचाव्यात. तिथे 'रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम' असे लिहिलेले असेल, तर नावांच्या तक्त्यातल्या १, ४ आणि ६ या नोंदी बदलून मगच वाटप करावे. तसे लिहिलेले नसेल तर नाव बदलण्याची सक्ती नाही, तरी बदललेले बरे. स्वतःच्या कार्यालयापुरता बदल केला आणि बाहेर दिला नाही, तर यातले काहीच लागू होत नाही.

आता सरकारी पत्रांविषयी. 'मजकूर मंगल फॉन्टमध्ये पाठवावा' हे वाक्य अजूनही वाचायला मिळते. मंगल हा प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला फॉन्ट विंडोजबरोबर येतो आणि त्याचा परवानाही विंडोजपुरताच आहे. तो लिनक्सवर नकलून घेणे किंवा संकेतस्थळावर चढवणे परवान्यात बसत नाही. पत्र लिहिणाऱ्याला खरे तर 'युनिकोडमध्ये पाठवा' म्हणायचे असते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द फाइलच्या आत एच-के-के-जे-आर अशा पाच रोमन अक्षरांचा असतो, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. त्यामुळे अशा पीडीएफमध्ये शोध लागत नाही, दृष्टिहीनांची वाचन-साधने ते वाचू शकत नाहीत. युनिकोड मजकुराचे तसे नाही, तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट कोणताही असो, 'भारत' हा 'भारत'च राहतो. म्हणून परिपत्रकात 'युनिकोड मजकूर, फॉन्ट मुक्त परवान्याचा' एवढेच लिहावे आणि नाव द्यायचेच तर मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा शोभिका यांतले द्यावे. हे तिन्ही विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे रीतसर बसवता येतात.

संकेतस्थळे चालवणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच अधिक होतात. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांसकट शेकडो चिन्हे असतात, त्यामुळे एकेका वजनाची (अक्षरांच्या जाडीची) फाइल मोठी होते. मुक्ता सात वजनांत मिळतो म्हणून सातही चढवण्याचे कारण नाही, साधे आणि ठळक पुरे. फाइल संकेतस्थळांसाठीच्या वॉफ-२ या दाबलेल्या स्वरूपात बदलली की आकार बराच उतरतो. याहून लहान करायची तर नको असलेली चिन्हे काढून टाकतात, आणि नेमकी मराठीची वाट इथे लागते. काही साधने चिन्हे ठेवतात पण जोडाक्षरे जुळवण्याचे नियम टाकून देतात, मग 'क्ष'च्या जागी पाय मोडलेला क आणि शेजारी ष असे दिसते. दुसरी चूक शून्य-रुंदीच्या जोडचिन्हाची. युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ, पण तेवढाच ठेवला तर २००सी आणि २००डी ही दोन अदृश्य चिन्हे गळतात. जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात अर्धा ऱ याच २००डीवर उभा असतो. ते गळले तर आचाऱ्यांचे आचार्य व्हायला वेळ लागत नाही. रुपयाचे चिन्ह २०बी९वर आहे, तेही घ्यावे. आणि स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्हे देवनागरी पट्ट्यात नसतातच. ती विसरली की मजकूर एका फॉन्टात आणि विरामचिन्हे दुसऱ्यात, असे पान दिसते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फॉन्टटूल्समधले 'पायएफटीसबसेट' हे मुक्त साधन वापरून या सगळ्यांचे क्रमांक दिले की काम नीट होते.

परवान्याच्या नजरेतून यात एक बारकावा आहे. फॉन्ट जसाच्या तसा वॉफ-२मध्ये बदलणे हा 'बदल' मानला जात नाही. चिन्हे कापणे हा मानला जातो. म्हणजे राखीव नावाचा फॉन्ट कापून चढवला तर नाव बदलायला हवे. नोटो किंवा मुक्तासारखा, राखीव नाव नसलेला फॉन्ट निवडला की हा प्रश्नच येत नाही.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा संकेत 'एमआर' दिलेला असावा. तो नसेल किंवा चुकून हिंदीचा 'एचआय' असेल, तर नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची दाखवतो. दोन्ही वळणे त्याच फाइलमध्ये असतात, संकेत पाहून फॉन्ट योग्य ते उचलतो. मराठी संकेतस्थळांवर हिंदी वळणाचा ल दिसला की लोक फॉन्टला नावे ठेवतात. दोष बहुधा त्या दोन अक्षरांच्या संकेताचा असतो.

फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून थेट जोडण्याची सवयही सोडावी. पूर्वी त्याचा फायदा असा सांगत की वाचकाने तोच फॉन्ट दुसऱ्या संकेतस्थळावर आधी उतरवला असेल तर पुन्हा उतरत नाही. क्रोमने २०२०पासून प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे तो फायदा संपला. उरला तो तोटा: तुमच्या प्रत्येक वाचकाचा आयपी पत्ता गुगलकडे जातो. जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने याच कारणावरून एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ आहे, पण परदेशस्थ मराठी मंडळांची संकेतस्थळे युरोपातही वाचली जातात. परवाना स्वतःच्या सर्व्हरवर फॉन्ट ठेवू देतो, मग ठेवावा.

आपल्याला विनंती एवढीच की यापुढे फॉन्टांची यादी छापाल तेव्हा नावाशेजारी परवान्याचे नाव, आवृत्ती आणि फॉन्टकाराचे नाव छापावे. एक रकाना वाढेल. (छायाचित्राखाली 'सौजन्य : इंटरनेट' छापण्याची रीतही याच निमित्ताने थांबली तर बरे. विकिमीडिया कॉमन्सवरच्या बहुतेक छायाचित्रांना छायाचित्रकाराचे आणि परवान्याचे नाव द्यावेच लागते, आणि 'इंटरनेट' हे कोणाचेच नाव नाही.) आपल्या मोबाइल ॲपमध्ये मुक्त परवान्याचा फॉन्ट असेल, तर दुसऱ्या अटीप्रमाणे परवान्याचा मजकूर ॲपसोबत गेला पाहिजे. सेटिंग्जमध्ये 'परवाने' असे पान करून तो तिथे ठेवतात. आपल्या ॲपमध्ये ते पान आहे का, हे आपल्या तंत्रविभागाला विचारून पाहावे.

– एक वाचक, पुणे