आई-बाबा, वाक्य मला पुरं करू द्या

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर माझे शब्द अडखळतात आणि तुम्ही दोघं घाबरता, म्हणून सावकाश लिहायला बसले.

तोंडाचा कॅन्सर परत आला आहे. पहिली गाठ जिभेच्या कडेला होती, ही गालाच्या आत आहे. बाबा, तुम्ही विचारलंत, आधीच्या ऑपरेशनमध्ये काही राहून गेलं का? नाही. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या. पण गाठ एका जागी दिसली तरी तोंडाच्या अस्तरात आजूबाजूलाही बदल होऊन बसलेले असू शकतात; डॉक्टरांनी हे १९५३ सालीच मांडून ठेवलंय. आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त, म्हणून तर तपासण्या इतक्या लागोपाठ होत्या. त्यामुळेच ही लहान असताना सापडली. आई, तूही आता स्वतःला बोल लावू नकोस.

खरं सांगायचंय ते माझ्या सोबतच्या पेशंटांबद्दल. रेडिएशनच्या वेळी बाकावर शेजारी बसून ज्या ओळखी झाल्या, त्या टिकल्या. आम्ही अजून भेटतो. एका दादांची अर्धी जीभ काढून तिथे हाताची कातडी बसवली आहे. मनगटाच्या वर तो व्रण दिसतो. त्यांची अक्षरं घसरतात, मध्येच थांबून ते पाण्याचा घोट घेतात, कारण रेडिएशननंतर लाळ पुरेशी सुटत नाही. पण त्यांचं वाक्य दुसरं कोणी पुरं करत नाही. सगळे थांबतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला रडू आवरेना. घरी तुम्ही माझं वाक्य मायेनेच पुरं करता, कळतं मला. तरी ते मला पुरं करू द्या, वेळ लागला तरी.

माझा जबडा आखडला तेव्हा दातांमध्ये चपट्या लाकडी पट्ट्यांची चळत धरून ती हळूहळू वाढवायची, हे सांगितलं होतं दवाखान्यात. दुखत असताना ते कसं रेटायचं, हे मात्र एका बाईंनी स्वतःच्या तोंडात पट्ट्या धरून शिकवलं. त्यांना हा आजार तीनदा झालाय. त्यांच्याकडे बघून जो धीर येतो, तो ‘तुला काही होणार नाही’ या शब्दांनी येत नाही. आमच्यातले काही जण गेलेही. त्यांच्याबद्दल आम्ही बोलतो, लपवत नाही. म्हणून तिथे मला भीती वाटते असं सरळ म्हणता येतं. तुमच्यासमोर मी तुम्हालाच समजावत बसते.

त्या दादांच्या आई तुझ्याच वयाच्या आहेत, आई. त्या तुझ्याशी बोलायला तयार आहेत. एकदा बोल. त्यांना विचार, मुलाला नळीतून भरवताना त्यांनी काय केलं, झोप कशी लागली. मला जे सांगता येणार नाही, ते त्या सांगतील.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. नंतर काही दिवस बोलता येणार नाही, म्हणून वही आणून ठेवली आहे. बाबा, वाचायचा चष्मा बरोबर घ्या.

तुमची लेक