ट्रायइथाइल अमाइनलाही श्रेय द्या

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला उत्प्रेरकांवरचा लेख दोनदा वाचला. फॉस्फरस-कार्बन बंधासारखा विषय मराठीत छापून आला, याचं अप्रूप वाटलं. तरी दोन ठिकाणी अडखळलो.

लेखात 'फॉस्फोनेट'चं सर्रास 'फॉस्फेट' झालं आहे. मुद्रितशोधकाला हा अर्ध्या अक्षराचा घोळ वाटेल, पण रसायन पार बदलतं. फॉस्फेट एस्टरमध्ये फॉस्फरस आणि कार्बनच्या मधे ऑक्सिजन असतो आणि शरीरातली विकरं नेमकी तिथेच कात्री लावतात. फॉस्फोनेटमध्ये मधला ऑक्सिजनच नाही, त्यामुळे त्या कात्रीचं काही चालत नाही. एचआयव्हीवरचं टेनोफोविर हे औषध उभं आहे ते याच बंधावर.

दुसरं म्हणजे, लेख वाचून उत्प्रेरक म्हणजे पॅलेडियमच असा समज होतो. जपानचे रसायनशास्त्रज्ञ हिराओ यांनी 1980च्या सुमारास पॅलेडियम वापरून फॉस्फरस थेट बेंझिनच्या कड्याला जोडून दाखवला. फॉस्फरस-कार्बन बंध जोडणाऱ्या अर्बुझोव्हच्या जुन्या अभिक्रियेला ते एरवी जमत नाही, तेव्हा हे काम मोठंच. पण पॅलेडियम महाग, शिवाय औषधात उरलेलं काढत बसावं लागतं. गोळ्यांतून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यात फॉस्फरसला धातूचं भारी वेड. तयार झालेला फॉस्फीन (फॉस्फरसचं एक संयुग) कधी कधी पॅलेडियमलाच चिकटून बसतो आणि उत्प्रेरक थंडावतो.

मी एका बल्क ड्रग (औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या) कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. टेनोफोविरला लागणारा फॉस्फोनेटचा तुकडा आम्ही करायचो, त्यात पॅलेडियमचा कणही नसे. रिॲक्टरमध्ये फॉस्फरस पुरवणारं डायइथाइल फॉस्फाइट, त्यात फॉर्मल्डिहाइड देणाऱ्या पॅराफॉर्मल्डिहाइडच्या गोण्या आणि वर थोडं ट्रायइथाइल अमाइन. हे अमाइन फॉस्फाइटचा प्रोटॉन ओढून घेतं, फॉस्फरस फॉर्मल्डिहाइडच्या कार्बनला जाऊन भिडतो, प्रोटॉन परत मिळतो आणि अमाइन पुढच्या रेणूसाठी मोकळं. याला उत्प्रेरण नाही तर काय म्हणायचं? (वास मात्र सडक्या मासळीचा. लोकलमध्ये शेजारचे सरकून बसत.)

सोपं होतं असं नाही. पॅराफॉर्मल्डिहाइड म्हणजे फॉर्मल्डिहाइडची साखळी, ती आधी सुटी व्हावी लागते, म्हणून सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही. नवा ऑपरेटर वैतागून वाफ वाढवतो. मग अभिक्रिया एकदम पकडते आणि तापमान चढू लागतं. एका रात्रपाळीत मी वाफ बंद करून रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटला गार पाणी सोडलं, तरी तापमानाचा काटा 118 अंशांवर जाऊन थांबला. पांढरा राडा पाण्यासारखा नितळ झाला, तेव्हा कुठे चहा घेतला. त्यानंतर अमाइन एकदम ओतायचं नाही, हप्त्याहप्त्याने सोडायचं, असं बॅचशीटवर लाल शाईने लिहिलं.

जाता जाता, लेखासोबतच्या आकृतीतही फॉस्फरस आणि कार्बनच्या मधे ऑक्सिजन घुसला आहे. शब्दाची दुरुस्ती छापाल तेव्हा आकृतीतला तो 'ओ'ही काढून टाका. बारावीची मुलं अशी कात्रणं वहीत चिकटवतात, माझी नात त्यातलीच.

– एक निवृत्त शिफ्ट केमिस्ट, डोंबिवली (पूर्व)